ट्रकचा प्लग विसरल्याबद्दल खुलासा

मु. पो. सोलोव्ही, सास्कॅचेवान
दिनांक २४ जानेवारी

तीर्थस्वरूप युर्को भाऊसाहेब यांस नेस्टर बोदनारचुक याचा वाकून नमस्कार.

ख्रिस्त जन्मला! (याचे रीतीप्रमाणे उत्तर आपण खुर्चीत सरळ बसून मोठ्याने दिले असेल, असे धरून पुढे लिहितो.)

आपल्या मागील पत्रात आपण गुडघ्याविषयी लिहिले होते. गुडघा आता कसा आहे? समुद्रकाठची दमट हवा गुडघ्यांस घातक असते, असे मी पंचवीस वर्षांपूर्वी, आपण येथील शेत विकून व्हिक्टोरियास निघालात त्याच दिवशी सांगितले होते. मी त्याची आठवण करून देत नाही, केवळ नोंद करतो. इकडे सर्व क्षेम आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. डाव्या कानाने मला कमी ऐकू येते असे डॉक्टरांचे मत आहे. माझे मत तसे नाही. आपल्या भगिनीच्या, म्हणजे माझ्या दिवंगत परास्काच्या, समाधीवरील बर्फ मी दर रविवारी स्वहस्ते काढतो. बाजूच्या समाध्यांवरील बर्फ त्यांच्या मुलांनी काढलेला नसतो, हे जाता जाता कळवितो.

आता पत्रास कारण की, आपल्या कानावर एव्हाना एक बातमी आली असेल. आली नसल्यास या आठवड्यात येईल, कारण मेत्रो हुपालो याने आपणांस नववर्षाचे शुभेच्छापत्र पाठविण्यासाठी माझ्याकडे आपला पत्ता मागितला आहे, आणि मेत्रोने आजवर कोणासही शुभेच्छा दिलेल्या नाहीत. बातमी अशी की, नेस्टर बोदनारचुक शून्याखाली अडतीस अंशांच्या रात्री आपल्या डिझेल ट्रकच्या हीटरचा प्लग भिंतीत लावायला विसरला, आणि त्यामुळे तेक्लाबाई सावचिन यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन बुडण्याची वेळ आली. ही बातमी खोटी आहे. ती मीच पसरविली आहे. हे कसे, ते सविस्तर लिहितो. वाचून झाल्यावर हे पत्र कृपया शेगडीत घालावे. (आपल्याकडे शेगडी नाही असे परास्का सांगत असे. मग फाडावे, परंतु बारीक फाडावे.)

तेक्लाबाई आपल्या स्मरणात असतील. प्रोकोप सावचिन यांच्या त्या पत्नी. चर्चच्या गायनात परास्काच्या उजव्या हाताला उभ्या राहत. प्रोकोप जाऊन आता आठ वर्षे झाली. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली. माझा चेहरा त्यांना टोपी घातलेल्या ढगासारखा दिसतो असे त्या म्हणत, आणि मी ते मनावर घेतले नाही. सास्काटूनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना ऑपरेशनची तारीख दिली ती नऊ महिन्यांनंतरची, ११ जानेवारी, सकाळी नऊ वाजता हजर. ही तारीख हुकली तर पुढची आणखी नऊ महिन्यांनी, आणि डॉक्टर म्हणाले होते की तोपर्यंत चुलीवरचे भांडे कोणते आणि चूल कोणती हेही त्यांना हात लावूनच ओळखावे लागेल. त्यांची मुलगी दूर टोरोंटोला. तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर, पाच माणसांच्या देखत, मी शब्द दिला की तेक्लाबाईंना नेस्टर बोदनारचुकचा ट्रक नेईल आणि वेळेवर नेईल.

भाऊसाहेब, आपण पंचवीस वर्षे अशा गावी राहता जेथे जानेवारीत फुले उमलतात आणि गाड्यांच्या नाकातून प्लग लोंबत नाही. म्हणून स्मरणास थोडी चालना देतो. डिझेलचे इंजिन थंडीत मनुष्यासारखे असते: त्याला उठविण्यापूर्वी त्याचे अंग गरम असावे लागते. त्यासाठी इंजिनाच्या पोटात हीटर असतो, त्याची वायर नाकातून बाहेर येते, ती लांब वायरीला जोडून घराच्या भिंतीवरील सॉकेटमध्ये लावायची आणि मग, हे महत्त्वाचे, बॉनेट उघडून कान लावायचा. आत पाणी चुरचुरल्याचा आवाज आला पाहिजे. तो आला म्हणजे हीटर चालू. आजकालचे लोक नुसता प्लग खोचून घरात जातात. को-ऑप दुकानातील कॉफीच्या टेबलावर मी तीस वर्षे सांगत आलो की, कान लावल्याशिवाय लावलेला प्लग हा लावलेला प्लगच नव्हे. (मी चौथीपर्यंत शिकलो. परंतु ती चौथी मी पूर्ण केली. त्या टेबलावर आठवी अर्धवट सोडलेले तिघे बसतात.)

माझे शेत गावापासून आठ मैल. रात्री वारा सुटला तर रस्ता बर्फाखाली जातो. म्हणून मी १० तारखेस दुपारीच गावात आलो. मुक्काम मेत्रोकडे, कारण त्याचे घर तेक्लाबाईंच्या घरासमोरच आहे. ट्रक मात्र तेक्लाबाईंच्या अंगणात लावावा लागला, कारण मेत्रोने आपल्या बाहेरच्या भिंतीवरील सॉकेट १९७९ साली दुरुस्तीसाठी काढले ते अद्याप परत लावलेले नाही. (त्याच्या स्वतःच्या गाडीचा गिअरबॉक्स नाताळपासून स्वयंपाकघरातील टेबलावर आहे. जेवताना आम्ही तो मधोमध ठेवून दोन बाजूंना बसलो.) विधवा स्त्रीच्या अंगणात माझा ट्रक रात्रभर उभा राहणे हे दिसायला कसे दिसेल, हा विचार मी केला होता, म्हणून ट्रकचे तोंड रस्त्याकडे ठेवले, जेणेकरून तो निघण्याच्या तयारीत आहे असे वाटावे. मेत्रो मात्र म्हणालाच, "वा रे नेस्टर! ट्रक एका दारात आणि तू दुसऱ्या दारात. ट्रक तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

तेक्लाबाईंच्या दारापाशी भिंतीवर एकच सॉकेट आहे, दोन जागांचे. एका जागेत त्यांच्या छपराखालची नाताळच्या रंगीत दिव्यांची माळ, जी आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे, म्हणजे ७ जानेवारीच्या नाताळापासून १९ तारखेच्या जॉर्डनच्या सणापर्यंत, उतरत नाही. दुसऱ्या जागेत मी माझी पिवळी वायर लावली. बॉनेट उघडले. उजवा कान लावला. चुरचुर आली. डावा कान लावला. (तीही आली, असे मी धरून चालतो.) ऑइल काठोकाठ, डिझेलमध्ये रॉकेल मिसळलेले, रेडिएटरपुढे पुठ्ठा. तेक्लाबाईंना मी दारातूनच सांगितले की सकाळी सहाला निघायचे. त्या म्हणाल्या, "आणि ट्रक निघालाच नाही तर?" मी म्हणालो, "बाई, हा ट्रक माझा आहे." या उत्तराने त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. मला तेव्हा त्याचे आश्चर्य वाटले.

सकाळी पाच वाजता मी रस्ता ओलांडून आलो. दुरूनच दिसले की रंगीत दिव्यांची माळ जळते आहे. हे विचित्र होते, कारण वीज वाचविण्यासाठी तेक्लाबाई रोज नऊ वाजता माळेचा प्लग काढून झोपतात, हे साऱ्या गावास ठाऊक आहे. जवळ गेलो. माळेचा प्लग जागेवर होता. माझ्या पिवळ्या वायरीचा प्लग खाली बर्फात पडला होता आणि त्याच्या दोन्ही पिनांवर पांढरे हिम साचले होते, म्हणजे तो रात्रभर तेथेच होता. काय झाले हे मला तत्क्षणी कळले. डोळ्यांवर साय, दारात अंधार. बाईंनी चाचपून माळेचा म्हणून माझा प्लग ओढला होता.

ट्रक कसा होता ते काय सांगू! किल्ली फिरविली तेव्हा इंजिनाने एकदा कण्हून कूस बदलली, आणि संपले. ऑइल गुळाच्या काकवीसारखे झाले होते. चाके खालून चपटी गोठली होती. मी प्लग पुन्हा लावला, पण तासाभरात हीटर एकटा काय करणार? गावात दुसरी चालती गाडी पाद्रीबाबांची, आणि ते त्या आठवड्यात नाताळच्या भेटींसाठी लांबच्या शेतांवर गेलेले. तेव्हा मी वडिलांनी शिकविलेला जुना उपाय काढला: चुलीतले निखारे पत्र्याच्या परातीत घेऊन इंजिनाच्या ऑइलच्या भांड्याखाली सरकवायचे आणि वरून ताडपत्री टाकून कडा बर्फाने दाबायच्या.

निखारे मागायला दार वाजविले. तेक्लाबाई कोट, डोक्याला रुमाल, हातात पिशवी, अशा तयार उभ्या होत्या. पण निखारे म्हणताच त्यांनी जी टाळाटाळ केली, ती पाहून मी चकित झालो. "राहू द्या हो बोदनारचुक," त्या म्हणाल्या, "नाही निघत तर नाही निघत. थंडीपुढे कोणाचं काय चालतं? उन्हाळ्यात जाऊ." मी परात मागितली. परात सापडेना. मी भिंतीवर टांगलेल्या, भट्टीत भाजण्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखविले. "तो कोबीच्या गुंडाळ्यांचा आहे," त्या म्हणाल्या, "त्यात कोळसे? माझ्या आईचा आहे तो!" शेवटी मी त्यांच्या कुत्र्याचे पत्र्याचे पातेले घेतले. कुत्र्याने हरकत घेतली, परंतु फारशी नाही.

निखारे आत गेले. ताडपत्रीच्या कडांतून धूर येऊ लागला. थोड्याच वेळात समोरचे दार धाडकन उघडले आणि मेत्रो हुपालो लोकरीच्या लांब अंतर्वस्त्रावर, पायात उलटसुलट बूट आणि हातात बादली, असा ओरडत आला, "आग! तेक्ला, आग लागली गं!" मी थांब म्हणेपर्यंत त्याने बादली फेकली. नेम ट्रकवर होता. पाणी दारासमोरच्या पायऱ्यांवर, जेथून दोन्ही वायरी जात होत्या तेथे पडले आणि पडता पडताच गोठले. (या पाण्यास पुढे महत्त्व आहे.)

मग त्याने ताडपत्री उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू जे पसरले त्याला हसू म्हणणे सौम्य होईल. "अरे नेस्टर! हीटर कुठे गेला तुझा? कान नव्हता लावलास काय?"

भाऊसाहेब, कान मी लावला होता. खरे उत्तर माझ्या ओठांवर होते. तीस वर्षांची प्रतिष्ठा त्या एका वाक्यावर टांगलेली होती. परंतु तेक्लाबाई पिशवी छातीशी धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. मी बोललो असतो तर दुपारपर्यंत साऱ्या गावात झाले असते की तेक्ला आंधळी झाली, आपल्याच ऑपरेशनचा प्लग तिने आपल्याच हाताने उपटला. मेत्रोने तर त्यावर गाणे रचले असते. अकॉर्डियन त्याच्याकडे आहेच.

मी म्हणालो, "वायर जोडली. भिंतीकडचे टोक लावायला मी विसरलो."

"काय म्हणालास?" मेत्रो म्हणाला. "जरा परत म्हण. या कानाने नीट ऐकू आलं नाही."

मी परत म्हणालो. दुसऱ्यांदा अधिक स्पष्ट म्हणालो. आपली भगिनी सेहेचाळीस वर्षे हे वाक्य माझ्या तोंडून ऐकण्याची वाट पाहत होती, आणि ते ऐकायला मिळाले मेत्रोला. याचे मला अजून वाईट वाटते.

तेक्लाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. (म्हणजे ढगाकडे.) मग त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या आपल्या आईचा तो भाजण्याचा डबा लालभडक निखाऱ्यांनी भरून घेऊन. "हा घ्या," त्या म्हणाल्या. "मोठा आहे. मेत्रो, उभा काय राहिलास, ताडपत्री उचल!" बाईंचा हा एकाएकी आलेला उत्साह मला कळला नाही, परंतु निखारे उत्तम होते. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी मी किल्ली फिरविली. इंजिन खोकले, पांढरा धूर ओकले, तीन सिलिंडरांवर लंगडले, मग उरलेलेही जागे झाले. मेत्रोने टोपी काढली. ती त्याने घातलेली नव्हती, तरी काढल्यासारखे केले.

उशीर झाला होता. मी बाईंना चढविले, दार लावले आणि निघालो. चपट्या चाकांमुळे पहिले दोन मैल बैलगाडीसारखे गेले. उजाडू लागले तसे समोरून ट्रक येऊ लागले. आपल्याकडे वाटेत भेटणारा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, हे आपणांस आठवत असेल. त्या दिवशी लोक आख्खे हात हलवीत होते. कोणी दिवे उघडझाप केले. एका दूधवाल्याने तर भोंगा वाजवून मागे बोट दाखविले. मी प्रत्येकास दोन बोटे उचलून उत्तर दिले. तेक्लाबाईंना म्हणालो की या जिल्ह्यात अजून माणसाची किंमत आहे.

इस्पितळाच्या आवारात पोहोचलो ते नऊला चार मिनिटे असताना. पहारेकरी, एक बराच सभ्य मनुष्य, माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "आजोबा, घर पण आणायचं होतं का सोबत?" मी उतरून पाहिले. ट्रकच्या नाकातून निघालेली माझी पिवळी वायर गाडीखालून मागे गेली होती. तिच्या टोकाला मेत्रोच्या पाण्याचा पावरोटीएवढा बर्फाचा गोळा. आणि त्या गोळ्यात गोठून अडकलेली तेक्लाबाईंची संपूर्ण दिव्यांची माळ, सतरापैकी चार दिवे शाबूत, शेवटी पत्र्याची चांदणी. नव्वद मैल. म्हणजे प्लग लावायला विसरलो हे मी खोटे सांगितले होते, परंतु काढायला विसरलो हे अर्ध्या तासात खरे करून दाखविले होते.

तेक्लाबाईंना मी सर्व वर्णन करून सांगितले, कारण त्यांना दिसत नव्हते. चांदणीपर्यंत आलो तेव्हा त्या हसू लागल्या. त्या दाराशी हसल्या, खुर्चीत हसल्या, आणि परिचारिकेने दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधली तेव्हाही हसत होत्या. ऑपरेशन उत्तम झाले. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरील पट्टी काढल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "म्हातारे झालात हो." मी म्हणालो की हे काम दोन वर्षांत, त्यांची नजर नसताना, झालेले आहे.

तेव्हापासून को-ऑपच्या टेबलावर मी जाताच तिघेही टेबलाला कान लावून बसतात. कोणी माझ्या कोटाच्या खिशात प्लग घालून ठेवतो. मी कॉफी पितो. परंतु एका तरी मनुष्यास सत्य ठाऊक असावे असे मला वाटले, आणि तो मनुष्य आठशे मैलांवर आणि कमी बोलणारा असावा, म्हणून आपणांस लिहिले. गुडघ्यास जपावे. लोभ आहे तो असाच ठेवावा, ही विनंती.

आपला आज्ञांकित मेहुणा,
नेस्टर बोदनारचुक

ता. क. आपल्या गावी दिव्यांच्या माळा सणानंतर दुकानात उरतात असे ऐकतो. सतरा दिव्यांची एक, शक्य तर चांदणीसह, पाठविल्यास आभारी होईन.

ता. क. २. माळ टपालाने न पाठविता स्वतःच घेऊन आलात तर अधिक बरे. फेब्रुवारीत उपवासाचा काळ सुरू होण्यापूर्वी यावे. कारण असे की, आपल्या रीतीप्रमाणे पुरुषाने स्वतः मागणी घालायची नसते; वडीलधाऱ्याने भाकरी घेऊन त्या घरी जायचे असते, आणि गावात माझ्याहून वडील असा एकटा मेत्रो उरला आहे. त्याला पाठविण्यापेक्षा मी एकटा राहीन. परंतु भाकरीच्या आधी आपली परवानगी हवी, कारण आपण परास्काचे भाऊ आहात. आपण नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. आपण हो म्हणालात आणि त्या घरून रीतीप्रमाणे नकाराचा भोपळा मिळाला, तर भोपळा ट्रकपर्यंत मी उचलीन. आपल्या गुडघ्यास त्रास होणार नाही.

ता. क. ३. पुढील मजकूर माझा नाही. तेक्लाबाईंनी मला जेवायला बोलाविले होते. मी पाकिटाला डिंक शोधत असता त्यांनी टेबलावरील पत्र वाचले. नव्या डोळ्याने त्या सध्या समोर येईल ते वाचतात. सकाळी पिठाची पिशवी दोनदा वाचली म्हणाल्या.

युर्कोभाऊ, मी तेक्ला लिहिते. हे सगळं खरं आहे, फक्त एक सोडून. प्लग मी चुकून काढला नाही. एक वायर पिवळी आणि एक हिरवी, एवढं मला तेव्हाही दिसत होतं. मला भीती वाटत होती हो. डोळ्यात सुरी घालणार म्हणे, आणि आपण जाग्या! म्हटलं, ट्रक निघाला नाही तर कोणालाच दोष नाही, थंडीने केलं. प्लग पहाटे गुपचूप परत लावणार होते, पण हा पाचलाच आला, आणि त्या भीतीत माळ काढायची तर राहूनच गेली. मग सकाळी हा माणूस मेत्रोसमोर उभा राहून "मी विसरलो" म्हणाला. हा! तीस वर्षं याने चर्चच्या घंटेची वेळ चुकली म्हणून घंटेला दोष दिलाय. तेव्हा मला वाटलं, याला एवढं जमतं तर मलाही डोळा उघडून द्यायला जमेल. म्हणून आईचा डबा दिला. पत्र फाडू नका, मला परत पाठवा. आणि भोपळे माझ्याकडे या वर्षी झालेच नाहीत, तेव्हा या.

ता. क. ४. वरील मजकूर मी दोनदा वाचला. तो वाचल्यानंतर जेवण थोडे थंड झाले. मेत्रोला यातील काहीही कळविणार नाही. त्याच्या लेखी मी विसरलो होतो आणि विसरलेलाच राहीन, कारण बाई भ्याल्या होत्या हे गावास सांगण्याचा मला अधिकार नाही. आपणही शुभेच्छापत्राच्या उत्तरात तेच लिहावे. येण्याचा दिवस कळवावा. आणायला मी बसथांब्यावर येईन. ट्रक आदल्या संध्याकाळी तेक्लाबाईंच्या अंगणात उभा राहील. प्लग कोणी लावायचा, यावर अद्याप आमचे एकमत झालेले नाही.